आठवीचा तास पहिलीत चालत नाही: नव्या शिक्षकांसाठी, वय पाहून वर्ग ओळखण्याची वाट

तीन वर्षं आठवीला शिकवल्यावर एका सकाळी मला पहिलीवर बदली तास मिळाला. आत गेलो आणि सवयीने म्हणालो, "पान बावीस काढा, वर तारीख घाला, समास सोडा आणि फळ्यावरचं उतरवून घ्या." आठवीत हे वाक्य संपायच्या आत वह्या उघडलेल्या असत. इथे एकीने पानभर मोठी तारीख काढली. एकाने विचारलं, "समास कुठे सोडायचा?" तिसरा हलणारा दात दाखवायला थेट टेबलापाशी आला. ३५ मिनिटं संपली तरी फळ्यावरची दोन वाक्यं एकाही वहीत पुरती उतरली नव्हती. बाहेर येऊन मी म्हणालो, "वर्गाला शिस्त नाही." शेजारच्या वर्गावरच्या बाई हसल्या. "सर, चार कामं एका दमात सांगितलीत. त्यातलं शेवटचं तेवढं कानात राहिलं असेल, तेही एखाद्याच्या."

डी.एड.च्या वर्षात विकासाच्या अवस्था मी पाठ केल्या होत्या, परीक्षेत लिहिल्याही होत्या. त्या वर्गात कशा दिसतात हे मात्र त्या दिवशी कळायला लागलं. पहिल्यांदा वर्ग हाती घेणाऱ्यांनी काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, ते पुढे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती पुन्हापुन्हा येईल: वयावरून नुसता अंदाज बांधता येतो. मूल नेमकं कुठे आहे ते त्याच्या चुकीत दिसतं.

पायरी १: हजेरीपट घ्या आणि वयं महिन्यांत काढा

शाळा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी यादीतल्या प्रत्येक नावापुढे वय लिहा, वर्षं आणि महिने दोन्ही. अर्ध्या तासाचं काम आहे. एकाच इयत्तेतल्या थोरल्या आणि धाकट्या मुलात बहुधा ११-१२ महिन्यांचं अंतर निघतं. सोळाव्या वर्षी या अंतराने फारसं काही अडत नाही. सहाव्या वर्षी मात्र ते आख्ख्या आयुष्याचा सहावा हिस्सा असतं. पेन्सिल धरणं, एका जागी बसणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, सगळ्यात ते दिसतं. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांवर अवधानदोषाचा (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराचा) शिक्का तुलनेने जास्त वेळा बसतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळलं आहे. म्हणजे "हा फार चंचल आहे" असा शेरा लिहिण्याआधी त्याचा जन्ममहिना बघा.

धाकट्या पाच-सहा नावांखाली पेन्सिलने रेघ मारून ठेवा. वर्गात ही यादी कुणाला दाखवू नका, त्यांच्या पालकांनाही नको. ती तुमच्या आठवणीसाठी आहे.

पायरी २: वहीत चार रकाने आखा

शरीर, विचार, भावना, सोबत. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलापुढे प्रत्येक रकान्यात एक ओळ आली पाहिजे, त्याहून जास्त नको. "हुशार", "मस्तीखोर", "ढ" असले शब्द लिहायचे नाहीत. जे दिसलं ते लिहायचं: "कात्री धरताना जीभ बाहेर येते." "वजाबाकीत हातचा घेताना अडते, बेरजेत नाही." "हरली की खेळ सोडून जाते." "मधल्या सुट्टीत भिंतीपाशी एकटा."

चार रकाने अशासाठी, की मूल चारही अंगांनी सारखं वाढत नाही. उंचीने पुढे गेलेली अकरा वर्षांची मुलगी मनाने अकराचीच असते, आणि तिच्याकडून सगळे तेरा-चौदाची समज मागत राहतात. नऊ वर्षांचा एखादा गणितात दोन इयत्ता पुढे असतो आणि खोडरबर हरवलं म्हणून रडतो. दोन्ही खरं असतं.

पायरी ३: पहिल्या आठवड्यात कमी शिकवा, जास्त बघा

लहान वर्ग असेल तर एक जुना प्रयोग करून पाहा. सहा-सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडा. दोन्हींत सारखीच बटणं आहेत हे मुलाकडून वदवून घ्या. मग त्याच्या देखत एका ओळीतली बटणं लांब लांब करा आणि विचारा. पाच वर्षांचं मूल बहुधा लांब ओळीकडे बोट दाखवून म्हणतं, "हिच्यात जास्त." मोजून सहाच आली तरी म्हणतं. आठ वर्षांच्याला विचाराल तर तो तुमच्याकडे जरा संशयाने बघेल: "तेवढीच ना! तुम्ही नुसती लांब ठेवलीत."

जाँ पियाजे (१८९६–१९८०) या स्विस मानसशास्त्रज्ञाने अशा प्रयोगांतून मुलांच्या विचारांच्या अवस्था मांडल्या. साधारण २ ते ७ पूर्वक्रियात्मक, ७ ते ११ मूर्त क्रियात्मक आणि ११ च्या पुढे औपचारिक क्रियात्मक. सोप्या भाषेत सांगायचं तर आधी मूल जसं दिसतं तसं मानतं, मग हाताळता येणाऱ्या वस्तूंबद्दल तर्क करायला लागतं, आणि पुढे समोर नसलेल्या, "असं धरलं तर" प्रकारच्या गोष्टींवर विचार करू शकतं.

पण ही वयं दगडावरची रेघ समजू नका. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग थोडा बदलून केला. बटणांची ओळ माणसाने मुद्दाम न हलवता एका खट्याळ टेडी अस्वलाने "चुकून" विस्कटली. तेव्हा चार ते सहा वर्षांची कितीतरी जास्त मुलं "सारखीच आहेत" म्हणाली. त्याच वर्षी रोझ आणि ब्लँक यांना दिसलं की बदल केल्यावर प्रश्न एकदाच विचारला, आधी आणि नंतर असा दोनदा नाही, तर मुलांच्या चुका कमी होतात. मोठ्या माणसाने तोच प्रश्न परत विचारला, म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकलं असणार, असा हिशेब मूल करतं.

हे तुम्हाला उद्याच वर्गात दिसेल. बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला जरा भुवया उंचावून "नक्की?" विचारा. तो उत्तर बदलेल. त्याला गणित येत नाही असं नाही, त्याला तुमचा चेहरा वाचता येतो. म्हणून लहान वर्गात "नक्की?" ऐवजी "कसं काढलंस?" असं विचारा, आणि बरोबर उत्तरालाही विचारा. नाहीतर "कसं?" म्हणजे "चूक" हेही मुलं आठवड्याभरात शिकतात.

मोठ्या वर्गात बटणांची गरज नाही. एखादं उदाहरण सोडवायला देऊन "मोठ्याने विचार करत सोडव" म्हणा आणि गप्प बसून ऐका. गप्प बसणं नव्या शिक्षकाला सगळ्यात जड जातं. मलाही गेलं.

पायरी ४: वयोगट ओळखा

तीन ते सहा वर्षं. या वयात शिकायचं साधन म्हणजे शरीर. ऐकताना पाय हलतात, मोजताना बोट लागतं, गोष्ट सांगताना मूल उठून उभं राहतं. मनगटातली आठ छोटी हाडं जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात आणि बालपणात एकेक करून घट्ट होत जातात. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाकडून ओळीत, चौकटीत, पानभर लिहून घेण्याचा आग्रह धरू नये. त्या हाताला माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, कात्री चालवणं ही खरी लेखनपूर्व तयारी.

सूचना एकच द्या, आणि करून दाखवा. "दप्तर ठेवा." ठेवून झालं की पुढची. काम करताना मूल स्वतःशीच बडबडत असेल तर गप्प बसवू नका. लेव्ह व्हिगोत्स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाने या बडबडीकडे लक्ष वेधलं होतं: आधी मूल मोठ्याने बोलून स्वतःला वाट दाखवतं, मग पुटपुटतं, आणि शेवटी ते बोलणं मनातल्या मनात जातं. "आता लाल लावायचा, मग निळा" हा विचारच आहे, अजून तोंडात आहे इतकंच.

साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास मुलाला उमजायला लागतं की दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, प्रसंगी चुकीचीही, समजूत असू शकते. १९८३ साली विमर आणि पर्नर यांनी ते एका साध्या गोष्टीच्या प्रयोगातून दाखवलं. चार वर्षांहून लहान मुलाला "तुझ्यामुळे तिला वाईट वाटलं, कळत नाही का?" असं विचारलं तर खरंच कळलेलं नसतं. त्याला वाद घालून समजावण्यापेक्षा तिचा चेहरा दाखवा, "ती रडतेय, बघ" म्हणा.

या वयाच्या गरजा मोठ्या नाहीत, पण त्या लगेच भागवाव्या लागतात: रोजचा ठरलेला क्रम, मागितल्याबरोबर शू करायला जाण्याची मोकळीक, जवळ बसलेलं मोठं माणूस, आणि झोप. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. साडेअकराला रडणारं मूल पुष्कळदा नुसतं झोपेला आलेलं असतं.

सहा ते आठ वर्षं. मला विचाराल तर शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते, कारण याच वर्षांत दातांबरोबर सगळंच बदलत असतं. वाचन-लेखन पक्कं होत असतं आणि त्यातल्या चुका अर्थपूर्ण असतात. ३ आणि ६ उलटसुलट लिहिणारं मूल प्रत्येक वर्गात असतं. हे दोन अंक एकमेकांची आरशातली प्रतिमाच आहेत, उगाच नाही आपण न पटणाऱ्यांना छत्तीसचा आकडा म्हणत. खुर्ची डावीकडून पाहिली काय, उजवीकडून पाहिली काय, खुर्चीच राहते, हे मूल सहा वर्षं शिकत आलेलं असतं. अंकाची बाजू बदलली की अंकच बदलतो, हा नवा नियम अंगवळणी पडायला वेळ लागतो. सात वर्षांपर्यंत अशी उलटापालट नेहमीची.

तसंच "पस्तीस" ऐकून ५३ लिहिणं. मराठीत आपण आधी पाच म्हणतो आणि मग तीस, लिहिताना मात्र आधी ३ येतो. कानाने ऐकलं तसं लिहिणारं मूल चुकतं, पण ते नीट ऐकतंय. "एकोणपन्नास"चं ५९ होतं, कारण शेवटी "पन्नास" ऐकू आलं आणि सुरुवातीच्या "एकोण"चा नऊ झाला. या चुकीवर दहा वेळा ४९ लिहून काही होत नाही. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात द्याव्या लागतात, पन्नासातली एक काडी काढून घ्यावी लागते.

आता एक निरीक्षण, जे मी त्या बदली तासानंतर करायला शिकलो. फळ्यावरून उतरवून घेताना मुलाची मान किती वेळा वर होते ते मोजा. पहिलीतलं मूल एका अक्षराला एकदा फळ्याकडे बघतं, कधी काना-मात्रेसाठी परत. तिसरीत एका शब्दाला एकदा. पाचवी-सहावीत अर्धं वाक्य एका नजरेत उचललं जातं. मनात एका वेळी किती धरून ठेवता येतं, ते त्या मानेच्या हालचालीत दिसतं. तिसरीतलं मूल अजून अक्षरागणिक मान वर करत असेल तर दोन गोष्टी तपासा: त्याला फळा नीट दिसतो का, आणि तो वाचतो आहे की आकार काढतो आहे.

या वयातल्या चहाड्यांना वैतागू नका. "बाई, याने रेघ ओलांडली!" "सर, ही बघून लिहितेय!" नियम हा मोठ्या माणसाने केलेला आणि सगळ्यांना सारखा लागू असलेला, अशी त्याची पक्की धारणा असते. तो तुम्हालाच तुमच्या नियमाची आठवण करून देत असतो. "बरं केलंस सांगितलंस, मी बघतो" एवढ्याने भागतं. पण एकाला सूट दिली की दिवसभर "त्याला का?" ऐकायची तयारी ठेवा.

नऊ ते अकरा वर्षं. हा काळ शिकवणाऱ्याला सोपा जातो. मुलं धडधाकट असतात, शाळेत रमलेली असतात, गोळा करणं, याद्या करणं, नियम ठरवून खेळणं यात बुडालेली असतात. सूचना तीन-चार एकदम चालतात. हाताळता येणाऱ्या गोष्टींबद्दलचा तर्क पक्का असतो. तरी अपूर्णांक आला की पाय घसरतो: "१/३ पेक्षा १/४ मोठा, कारण चार तीनपेक्षा मोठे." पूर्ण संख्यांचा चार वर्षं घोटलेला नियम ते इमानाने इथे लावतात. कागदाची घडी घालून तुकडे शेजारी ठेवा, मग चिन्हाकडे या.

या सोप्या काळातच एक वाक्य जन्माला येतं, "मला गणित येत नाही", आणि ते कधीकधी आयुष्यभर टिकतं. एरिक एरिक्सन (१९०२–१९९४) यांनी साधारण सहा ते बारा या काळाचा पेच उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा मांडला होता. मूल आता स्वतःला इतरांशेजारी ठेवून मोजायला लागतं. १९९८ साली म्यूलर आणि ड्वेक यांनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. "तू हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं पुढे अवघड काम आलं की लवकर मागे हटली, आणि "मेहनत घेतलीस" असं ऐकलेली जास्त वेळ टिकली. मी मात्र "मेहनत घेतलीस" असंही मोघम म्हणत नाही. "तिसरी पायरी खोडून परत केलीस, तिथे सापडलं" असं म्हणतो. मुलांना मोघम कौतुक लगेच ओळखू येतं.

बारा ते चौदा वर्षं. इथे जरा थांबू, कारण नवे शिक्षक इथेच दुखावले जातात आणि दुखावतातही.

पहिल्यांदा शरीर. मुलींची उंची झपाट्याने वाढायचा काळ मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी येतो. म्हणून सातवीच्या रांगेत मागच्या बाकावर मुलींच्या माना दिसतात आणि पुढच्या बाकावर अजून चौथीतलीच वाटणारी मुलं. वयात येण्याची सुरुवात मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या दरम्यान कधीही होऊ शकते. एवढ्या मोठ्या टप्प्यात कुणीतरी पहिलं असणार, कुणीतरी शेवटचं, आणि दोघांनाही वाटतं की आपलंच काहीतरी बिघडलं आहे. उंचीप्रमाणे उभं करणं, वजन मोठ्याने वाचणं, "केवढा वाढलास रे!" म्हणणं हे सगळं बंद करा. आवाज फुटणाऱ्या मुलाला मोठ्याने वाचायचा आग्रह नको. मुलीने बाहेर जायची परवानगी मागितली तर कारण विचारू नका. स्वच्छतागृहात पाणी, कडी आणि झाकणाची कचरापेटी आहे का, हे शिक्षकाने स्वतः एकदा बघून यावं. अभ्यासातलं लक्ष त्यावरही अवलंबून असतं.

मग झोप. किशोरवयात झोपेची वेळ शरीराच्या आतूनच पुढे सरकते, मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवायला लागतं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते आणि शाळेची घंटा पहाटेपासून वाट बघत असते. पहिल्या तासाला जांभया देणारा वर्ग उद्धट नसतो. शक्य असेल तर नवा, अवघड भाग पहिल्या तासाला घेऊ नका.

आणि प्रेक्षक. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली: या वयात मुलाला सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. मी एकदा आठवीतल्या एका मुलाला फळ्यावर बोलावलं. उत्तर त्याच्या वहीत बरोबर होतं, मी बघितलं होतं, म्हणूनच बोलावलं होतं. तो उठला नाही. मी आवाज चढवला, त्याने पुस्तक आपटलं, प्रकरण मुख्याध्यापकांपर्यंत गेलं. नंतर कळलं, त्याच्या विजारीची शिवण उसवली होती. ३५ जणांसमोर पाठ करून उभं राहण्यापेक्षा त्याने शिक्षा पत्करली. तेव्हापासून या वर्गात मी "कोण येतंय?" असं विचारतो, आणि कुणीच आलं नाही तर वही मागून घेऊन उत्तर मीच फळ्यावर लिहितो. रागवायचं तर एकट्याला, तास संपल्यावर, दाराबाहेर, दोन वाक्यांत. चारचौघांत रागावलात की तो तुम्हाला उत्तर देत नसतो, वर्गाला देत असतो.

विचारातही उडी येते, पण अडखळत. क्ष म्हणजे "माहीत नसलेली एक संख्या" इथपर्यंत ठीक, पण "क्ष कोणतीही असो" म्हटलं की वर्ग दोन भागांत फुटतो. लंबकाचा प्रयोग द्या: झोक्याचा वेळ कशावर ठरतो, दोरीच्या लांबीवर, वजनावर की किती दूर नेऊन सोडलं त्यावर? बरीच मुलं लांबी आणि वजन एकाच वेळी बदलतील आणि जे आधी मनात होतं तेच सिद्ध झालं म्हणतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे सांगून फारसं पोचत नाही. दोन गटांची उलट उत्तरं शेजारी शेजारी फळ्यावर लिहा आणि भांडू द्या. या वयाला वाद घालायला आवडतोच, तो कामाला लावा.

पंधरा ते अठरा वर्षं. विचाराची ताकद जवळजवळ मोठ्यांइतकी, पण ती केव्हा वापरली जाईल याचा भरवसा कमी. मेंदूचा पुढचा भाग, जो आवरणं, तोलणं, पुढचं बघणं सांभाळतो, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या एका खेळात पाहिलं की मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं एकट्याने खेळण्यापेक्षा जास्त धोका पत्करतात, प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. म्हणून धोक्याची माहिती देणारं भाषण पुरत नाही, माहिती त्यांना असतेच. प्रसंग कसा टाळायचा, मित्रांसमोर नाही कसं म्हणायचं, ते वाक्य काय असेल, यावर बोला.

या वयाला कारण सांगावं लागतं. "मी सांगतो म्हणून" हे पहिलीत चालून जातं, इथे नाही. खरी निवड द्या, दोन विषयांतून एक निवडायची असली तरी चालेल, पण निवडल्यावर ती फिरवू नका. निबंधावर "छान" लिहू नका. कुठला मुद्दा लंगडा आहे ते लिहा, त्यांना ते आवडत नाही पण ते वही जपून ठेवतात. आणि "पुढे काय करणार?" हा प्रश्न घरी रोज विचारला जात असतो. तुम्ही विचारू नका, ऐका.

पायरी ५: एकच विषय घ्या आणि तो चढवत न्या

पाठ्यक्रम बघताना एखादा विषय वेगवेगळ्या वयांना कसा दिसेल, हे एकदा कागदावर मांडा. हा सराव मी प्रत्येक नव्या शिक्षकाला करायला सांगतो. सावली घेऊ.

पाच वर्षांच्यांबरोबर सावली पकडायचा खेळ. स्वतःच्या सावलीवर पाय देता येतो का, मित्राच्या सावलीवर येतो का. सात वर्षांच्यांबरोबर मैदानात एकाच जागी उभं करून खडूने सावली आखायची, सकाळी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. दहा वर्षांच्यांना काठी आणि मोजपट्टी: दर तासाला सेंटिमीटर, तक्ता, आलेख. तेराव्या वर्षी काठीची उंची दुप्पट केली तर सावलीचं काय होईल ते आधी लिहायचं, मग मोजायचं, आणि गुणोत्तर स्थिर का राहतं ते सांगायचं. सोळाव्या वर्षी एराटोस्थेनिस हा ग्रीक विद्वान: इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात त्याने इजिप्तमधल्या सायनी आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांतल्या दुपारच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. एका गावी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी सावली पडत नव्हती. दुसऱ्या गावी सूर्यकिरणांचा कोन सुमारे ७.२ अंश होता, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. एवढ्यावरून पुढचं त्यांनाच काढू द्या, आणि त्याने काय काय गृहीत धरलं होतं तेही शोधू द्या.

आता गंमत अशी, की सोळाव्या वर्षीही ज्यांनी कधी सावली आखलेली नाही त्यांना आधी खडू द्यावा लागतो. व्हिगोत्स्की यांच्या 'समीपस्थ विकासाचं क्षेत्र' या अवघड नावाचा वर्गातला अर्थ एवढाच: मूल एकटं जिथवर पोचतं आणि तुमच्या आधाराने जिथवर पोचतं, त्यामधली जागा शोधा आणि तिथे शिकवा. ती जागा इयत्तेवरून ठरत नाही.

पायरी ६: जे मूल वयाच्या तक्त्यात बसत नाही

आधी कान आणि डोळे. लक्ष देत नाही, उत्तर भलतंच देतो, फळ्यावरचं चुकतो: या तिन्ही तक्रारींत मी पहिल्यांदा जागा बदलून बघतो, मग तपासणी करून घ्यायला सुचवतो. त्यानंतर झोप आणि घरातला एखादा नवा ताण. हे सगळं पाहून झाल्यावरही, वयाच्या सात-आठ वर्षांनंतर वाचन अजिबात पुढे सरकत नसेल, आधी येत असलेलं यायचं थांबलं असेल, किंवा मूल महिनाभर गप्प गप्प असेल, तर तुमच्या वहीतल्या तारीखवार नोंदी घेऊन पालकांशी बोला आणि तज्ज्ञाकडे पाठवा. निदान तुम्ही करू नका. "याला डिस्लेक्सिया असेल" असं पालकसभेत सहज म्हटलेलं वाक्य घरी जाऊन काय काय होतं, याची आपल्याला कल्पना नसते. "सप्टेंबरपासून मी हे पाहतोय" एवढंच म्हणा आणि वही उघडून दाखवा.

पालकांशी बोलताना मुलाला येत असलेली एक गोष्ट आधी सांगा, आणि ती खरी असू द्या.

पायरी ७: सहामाहीनंतर तोच तक्ता परत भरा

दुसरं सत्र सुरू झालं की जुनं पान न बघता चारही रकाने नव्याने लिहा, वेगळ्या रंगाच्या पेनाने. मग दोन्ही पानं शेजारी ठेवा. काही ओळी आता खोट्या ठरलेल्या असतील. "भिंतीपाशी एकटा" याच्या पुढे यंदा माझ्या वहीत लिहिलंय: "कर्णधार. ओरडतो फार." आणि दर वर्षी चार-पाच नावं अशी निघतात की दुसऱ्यांदा लिहायला बसल्यावर त्यांच्यापुढे काहीच सुचत नाही. ती मुलं त्रास देत नाहीत, मागेही पडत नाहीत, म्हणून मधल्या महिन्यांत आपण त्यांच्याकडे बघितलेलंच नसतं. त्या नावांवर गोल करा आणि सोमवारी पहिल्यांदा त्यांच्या बाकापाशी जा.